चांगला पाय

टॅक्सीवाल्याने माझा दुसरा पाय जमिनीला लागायच्या आत गाडी पुढे काढली आणि माझा डावा गुडघा सरकला. सरकला म्हणजे फार नाही. कपाटाचा खण नीट बसलेला नसतो आणि धक्का लागला की जरासा आत जातो ना, तेवढाच. पडले नाही, ओरडले नाही, हातातली गरम माग्विन्यांची, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, पिशवीसुद्धा सुटली नाही. "सॉरी हं, आउसी!" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, ताई म्हणावं तसं, आत दाटीने बसलेल्यांपैकी एका बाईने व्हॅनचं दार खसकन ओढून घेतलं आणि टॅक्सी गेलीसुद्धा. मी हॉस्टेलच्या फाटकापाशी उभी. ऑगस्टचं, म्हणजे आमच्या हिवाळ्याचं, वारं सुटलेलं, डोळ्यांत धूळ, आणि मला पायाकडे बघायची भीती वाटत होती. मग हळूच वजन टाकलं. काही नाही. अजून थोडं टाकलं. काही नाही. दुखत नव्हतं, सुजलं नव्हतं, कुणी बघितलंही नव्हतं. फाटकावरचे रखवालदार न्टाटे मोलेफे आपल्या खुर्चीतून म्हणाले, "काय गं सेइपाती, शनिवारच्या मॅचची प्रॅक्टिस इथेच का? कोर्टावरही अशीच खांबासारखी उभी राहणार आहेस?" मी हसले. हसता आलं याचंच मला नवल वाटलं. शनिवारी सेमीफायनल होती, जवळजवळ वर्षभराने मी उतरणार होते, आणि गेल्याच आठवड्यात मशीनने मला पास केलं होतं. मशीनने पास केलेला गुडघा सरकत नाही, हे मी जिना चढता चढता स्वतःला सांगत होते. पण मशीनने नक्की काय पास केलं, हे मशीनपेक्षा मला जास्त माहीत होतं.

त्या मशीनला आम्ही मुली सासू म्हणतो. ब्लूमफॉन्टेनमधल्या आमच्या विद्यापीठाच्या मैदानामागे एक बैठी इमारत आहे, जखमी खेळाडूंची सगळी यंत्रं तिच्यात, आणि सासू मधोमध. मोठी काळी खुर्ची. छातीवरून पट्टे, मांडीवरून पट्टा, नडगीला एक दांडा बांधतात आणि म्हणतात, ढकल. तुम्ही जेवढा जोर लावाल तेवढाच ती उलटा लावते, ना कमी ना जास्त, आणि समोरच्या पडद्यावर तुमच्या जोराचे डोंगर उमटत जातात. आधी चांगल्या पायाचे, हिरवे. मग ऑपरेशन झालेल्या पायाचे, लाल. लाल डोंगर हिरव्यांच्या नव्वद टक्के उंचीला पोचले की तुम्ही बऱ्या झालात, खेळा. नाही पोचले तर परत जा, मांडी घासा, पुढच्या महिन्यात तोंड दाखवा. कितीही राबलं तरी तिचं तोंड वाकडंच, म्हणून सासू. रग्बीची ती दांडगी मुलं तिला दुसरंच नाव ठेवतात, ते मी सांगणार नाही.

डावा गुडघा गेला तो दिवस मला नीट आठवतो असं मी सगळ्यांना सांगते, पण खरं तर मला फक्त आवाज आठवतो. मक्याचं कणीस मोडल्यासारखा. साधी प्रॅक्टिस होती, कुणी अंगावर आलं नव्हतं, चेंडू हवेत पकडला आणि खाली आले. नेटबॉलमध्ये चेंडू हातात आला की पळायचं नसतं, जिथे पाय टेकला तिथे थिजायचं. सगळं अंग पुढे धावत असतं आणि एकट्या पायाने नाही म्हणायचं. बोत्शाबेलोच्या शाळेच्या मातीच्या मैदानापासून मी हे 'नाही' म्हणत आले, त्यावर शाबासकी घेत आले. ऑपरेशनमध्ये मांडीच्या मागची एक दोरी काढून गुडघ्यात ओवली आणि मग माझा यंत्रांशी संसार सुरू झाला. पहिले काही दिवस तर मांडीला माझी ओळखच पटेना. मी म्हणायची, आवळ, आणि ती आपली उन्हात झोपलेल्या मांजरासारखी पडून. एल्मारी मॅडमनी तिच्यावर चिकटपट्ट्या लावल्या, वीज सोडली, आणि माझी मांडी माझ्या देखत, मला न विचारता, आवळली. मला रडूच कोसळलं. दुखलं म्हणून नाही. माझ्या घरात शिरून दुसरंच कुणीतरी चूल पेटवतंय असं वाटलं म्हणून. एल्मारी मॅडम म्हणजे त्या यंत्रघराच्या मालकीणबाई. गोऱ्या, ताडमाड, पण शेतावर वाढलेल्या, त्यामुळे सेसोथो माझ्या मामेभावांपेक्षा बरं बोलतात. "रड, रड," त्या म्हणाल्या, "पण बोटं वर ओढ. रडताना मांडी छान आवळते."

आणि मग तो हवेचा पट्टा. कमरेला रबरी घागऱ्यासारखं काहीतरी बांधतात, खालच्या पिशवीत हवा भरतात, आणि पळायच्या पट्ट्यावर तुमचं वजन निम्मं होऊन जातं. त्यात मी पहिल्यांदा पळाले तेव्हा वेडीसारखी हसत सुटले. मॅडम घाबरल्या, त्यांना वाटलं काहीतरी झालं. झालं होतंच. पाय जमिनीला लागतोय न लागतोय, आणि भीती नावाची चीज नाही. आमच्या चर्चच्या बायका ज्या स्वर्गाची गाणी म्हणतात तो असाच हवा भरलेला असणार. दर आठवड्याला मॅडम बटण दाबून मला थोडी थोडी जड करत गेल्या आणि दर आठवड्याला माझा चेहरा पडत गेला. पिशवीची चेन उघडून खाली उतरलं की आपलं सगळं वजन पुन्हा आपल्यावर. मला वाटतं मी बिघडले ती तिथेच. कारण त्यानंतर मला बरं व्हायचं नव्हतं, मला फक्त त्या घरातून सुटायचं होतं. त्या रबराच्या वासातून, "अजून थोडं, अजून थोडं" यातून, खिडकीबाहेर ओरडणाऱ्या मुलींच्या आवाजांतून. तिकडे माझ्या जागी पहिल्या वर्षाची झिंत्ले नावाची मुलगी खेळायला लागली होती. गोड मुलगी. रोज विचारायची, "गुडघा कसा आहे, आउसी?" मनापासून विचारायची, म्हणून तर अंगाचा तिळपापड व्हायचा.

सासूने मला परत पाठवलं. मग पुन्हा एकदा पाठवलं. दुसऱ्यांदा मी न्हाणीघरात तोंड धूत होते, तर शेजारच्या नळावर खोमोत्सो. आमची जुनी कॅप्टन, या सासूच्या हाताखालून जाऊन आलेली. आरशातच माझ्याकडे बघत म्हणाली, "वेडी आहेस का गं? वाईट पाय वर ओढत बसलीस. चांगला खाली आण की."

"म्हणजे?"

"म्हणजे टेस्टच्या सकाळी चांगल्या पायाला चर्चला नेऊन आण."

चर्चला नेणं म्हणजे हॉस्टेलचा जिना. उजव्या पायावर, एकट्या त्याच्यावर, उड्या मारत वर जायचं, उतरायचं, परत वर, तो थरथरायला लागेपर्यंत. गुडघे टेकून टेकून नरम झाल्यासारखा तो परत येतो. मग सासूपुढे बसायचं आणि अगदी मनापासून जोर लावायचा. ढोंग करायचं नाही हं, खोमोत्सोने बजावलं. ढोंग तिला कळतं, डोंगर वेडेवाकडे येतात आणि ती टेस्टच बाद करते. दमलेल्या पायाचे डोंगर मात्र सरळ येतात, एकासारखे एक, फक्त बुटके. खोमोत्सोला हे कुणीतरी सांगितलं होतं, त्या कुणालातरी आणखी कुणी. आमच्या टीममध्ये मॅचच्या आदल्या दिवशी एकमेकींच्या वेण्या घालतात, ते जसं मोठीकडून धाकटीकडे येतं तसंच हेही आलेलं. यात लबाडी आहे असं कुणाला वाटत नव्हतं. लबाडी काय त्यात? मशीनने विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. मशीन विचारतं, दोन पाय सारखे आहेत का? आहेत ना, सारखेच दमलेले! मी जिन्यावर उड्या मारताना खिदळत होते. वरच्या मजल्यावरच्या मुली कठड्यावरून टाळ्या वाजवत होत्या, "आमेन! हालेलुया!" करत होत्या.

हिरवे डोंगर उमटले तेव्हा एल्मारी मॅडम क्षणभर थबकल्या. "आज उजवा सुस्त आहे गं तुझा." मी म्हटलं, "थंडी पडलीय ना, मॅडम." त्या "हं" म्हणाल्या. मागच्या वेळचे आकडे त्यांनी काढून बघितले असते तर तिथेच सगळं संपलं असतं. पण बाहेर रग्बीची मुलं रांग लावून उभी होती, आणि नियमात दोन पायांची एकमेकांशी तुलना होती, एका पायाची त्याच्या कालच्याशी नव्हती. मग लाल डोंगर आले आणि हिरव्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. मॅडमनी मला पट्ट्यांसकट मिठी मारली. मी आईला फोन केला. आई आमच्याकडे गुरुवारच्या बायकांतली. लाल ब्लाउज, पांढरी टोपी, गुरुवारी दुपारी चर्चमध्ये प्रार्थना. वर्षभर त्या सगळ्यांनी माझ्या डाव्या गुडघ्याचं नाव घेऊन देवाला भंडावून सोडलं होतं. आईने त्या गुरुवारी उभं राहून साक्ष दिली. देवाने माझ्या लेकीचा पाय बरा केला, आणि नुसतं मी म्हणत नाही, बायांनो, मशीनसुद्धा म्हणतंय! बायका इतक्या गायल्या म्हणे की शेजारच्या दुकानातली माणसं बघायला आली. तिथल्या तिथे ठरलं, शनिवारी टॅक्सी भरून बायका मॅचला येणार.

आणि आता तो सरकला होता. खोलीत येऊन मी आरशासमोर उभी राहिले, एका पायावर, मग दुसऱ्या. डावा थरथरला. उजवाही थरथरला. थरथरणारा गुडघा आहे की थरथरणारी मी, हे आरशात कसं दिसणार? मला कळायची फक्त एकच जागा होती, ती खुर्ची, आणि साक्षीदार एकच असताना तोच मी फितवला होता. माग्विन्या गार होऊन त्यांच्यावर तेल धरलं. खोलीत डोकावलेल्या खोमोत्सोला मी विचारलं, "तुझा कधी सरकला होता का गं?" ती म्हणाली, "सगळ्यांचाच सरकतो. बोलायचं नाही." आणि तिने माझ्या गार माग्विन्यांतली एक उचलून खाल्ली.

बुधवारी प्रॅक्टिसला मी उडी मारायची आणि उजव्यावर यायची. ठरवून नाही. डाव्यावर यायचं असं घोकत घोकत उडायची आणि हवेत कुणीतरी निकाल फिरवायचं. कोच सेलेपेंनी शिट्टी वाजवली. "सेइपाती! डावा पाय कुठे ठेवून आलीस? बोत्शाबेलोला?" मुली हसल्या. मी जवळ जाऊन हळू म्हटलं, "कोच, गुडघा सरकला."

"कधी? इथे?"

"नाही. टॅक्सीतून उतरताना."

"सुजला?"

"नाही."

"दुखतो?"

"नाही."

कोच सेलेपे वाईट बाई नाहीत. त्या खाली बसल्या, धुळीत, स्वतःचे गुडघे कुरकुरत असताना बसल्या, आणि दोन्ही हातांनी माझा गुडघा चाचपला. "हे बघ पोरी, पहिल्या मॅचआधी मला पण असंच व्हायचं. पोटात गोळा उठतो तो खाली उतरून गुडघ्यात बसतो. तू मॅडमकडे जा. त्या नको म्हणाल्या तर मीही नको म्हणेन, शपथ. पण त्या हो म्हणाल्या तर मग हे रडगाणं बंद. मला तू हवीयस. झिंत्ले चांगली आहे, पण तिला अजून थांबता येत नाही." मला थांबता येतं. केवढं बरं वाटलं ते ऐकून, आणि त्याच वेळी आतून सगळं ढासळल्यासारखं झालं. दोन्ही एकदम कसं होऊ शकतं कोण जाणे.

गुरुवारी सकाळी मी मॅडमसमोर पाय लांब करून पडले. त्यांनी नडगी धरून पुढे ओढली, फिरवली, पुन्हा ओढली. "दोरी पक्की आहे. मी लोंबकळले तरी सुटायची नाही. हे भीतीचं आहे, सेइपाती, सगळ्यांना होतं, यात लाजण्यासारखं काही—" आणि मी बोलून टाकलं. जिना, उड्या, दमवलेला उजवा पाय, सगळं. खोमोत्सोचं नाव तेवढं गिळलं. मॅडमचा हात माझ्या नडगीवरच राहिला. त्या रागावतील असं वाटलं होतं. हात उगारला असता तरी मला चाललं असतं. त्या नुसत्या वयस्कर दिसायला लागल्या. "किती जणींनी केलंय हे?" मी छताकडे बघितलं. "बरं," त्या म्हणाल्या, "नको सांगूस." मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या एका रग्बीवाल्याला बाहेर काढलं, तो "मॅडम, माझी वेळ आहे!" म्हणत राहिला, आणि मला पुन्हा खुर्चीत बांधलं.

हिरवे डोंगर आले. उंच, सुंदर. मला माझ्या उजव्या पायाचा अभिमान वाटला, किती दिवसांनी त्याच्याकडे कुणी नीट बघितलं होतं. मग डावा. ढकल, मॅडम म्हणाल्या. मी ढकललं. आणि ढकलता ढकलता माझ्या मनात आलं, हा जोर कमी पडला तर मी सुटेन. शनिवार सुटेल. लगेच वाटलं, नाही, पूर्ण लाव, खरं काय ते कळू दे. मग वाटलं, पूर्ण म्हणजे केवढा? माझा पूर्ण जोर कुठे संपतो हे मला कुठे माहीत आहे? एकदा दात ओठ खाऊन ढकललं, एकदा गुडघ्यात ते खण सरकल्यासारखं होईल म्हणून अर्ध्यात आवरलं, एकदा आईचा लाल ब्लाउज डोळ्यांपुढे आला आणि काय केलं तेच आठवत नाही. पडद्यावर लाल डोंगर होते, एक उंच, एक चपटा, एक मधेच फाटलेला. खाली पट्टी उमटली. टेस्ट ग्राह्य नाही. "पुन्हा," मॅडम म्हणाल्या. पुन्हा तेच. "पुन्हा. सेइपाती, हळू श्वास घे, पुन्हा." पुन्हा तेच. खोटं बोलायला बसले तेव्हा माझे डोंगर सरळ आले होते. खरं बोलायला बसले तर एक धड येईना. बाहेर रग्बीवाला दार वाजवायला लागला.

मॅडमनी पट्टे सोडले आणि स्टुलावर बसल्या. "नियम सांगू? बाद झालेली टेस्ट धरायची नाही. शेवटची ग्राह्य टेस्ट धरायची. त्यात तू पास आहेस." त्या हसल्या, पण ते हसू नव्हतं. "तू जे सांगितलंस ते मी वर कळवलं तर चौकशी बसेल. तू जाशील, तुला ज्यांनी शिकवलं त्या जातील, आधी खेळून गेलेल्यांनाही बोलावतील. न कळवता तुला थांबवायचं तर तुझं तोंड हवं. तू म्हण, मला खेळायचं नाही. एवढंच म्हण. कारण नको सांगूस. मी तुझ्या बाजूने उभी राहीन. म्हणतेस?"

मी तोंड उघडलं. मला स्पष्ट आठवतंय, उघडलं होतं. मला खेळायचं नाही, केवढंसं वाक्य. पण ते खरं नव्हतं ना! मला खेळायचं होतं. मला दुसरं काहीच करायचं नव्हतं जगात. मला फक्त कुणीतरी, माझ्याहून वरच्या कुणीतरी, नाही म्हणायला हवं होतं, त्या हवेच्या पिशवीसारखं माझं वजन उचलून धरायला हवं होतं. त्याऐवजी सगळे माझ्याकडेच बघत होते. "उद्या सकाळपर्यंत सांग," मॅडम म्हणाल्या. बाहेर पडताना रग्बीवाल्याने टोमणा मारला, "झाली का पूजा?"

संध्याकाळी आईचा फोन आला, घरी मी तिला मे म्हणते. गुरुवार, ती प्रार्थनेहून नुकतीच आलेली, आवाज बसलेला. "टॅक्सी ठरली गं. चर्चमधली मे मापुलेनेपण येतेय, आजारातून उठून. डबे घेऊन येऊ. मक्याच्या पिठाचा पापा आणि कोंबडी. तुमच्या कोच खातात ना?" मी म्हटलं, "मे, मी नाही खेळले तर?" पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "का गं? काढलं का तुला?" "नाही. काढलं नाही. गुडघा अजून पूर्ण नाही वाटत." "अगं बाई," आई एकदम मऊ झाली, लहानपणी ताप आला की व्हायची तशी. "भ्यायलीस होय? मग नको खेळूस. आम्ही तुला बघायला येतोय, गुडघ्याला थोडंच? बाकावर बसलीस तरी गाऊ." मी फोन कानाला दाबून धरला. झालं, म्हटलं, सुटले. आणि आई पुढे म्हणाली, अगदी सहज, "मी साक्ष मागे घेईन पुढच्या गुरुवारी. उभी राहून सांगेन, अजून थोडी कळ काढायची आहे. त्यात काय?" त्यात काय! चाळीस बायकांपुढे लाल ब्लाउज घालून माझी आई उभी राहणार, देवाने दिलेलं परत करणार, माझ्यासाठी, आणि ती तेही करेल, एक शब्द न बोलता. मला तिचे चर्चला घालायचे ते सपाट बूट दिसले. "नाही, मे," मी म्हटलं, "थट्टा केली. खेळतेय मी." "मेली कुठली!" आई म्हणाली आणि हसली. मी माझं वाक्य ऐकलं. ते ठाम आलं, एकसारखं, अगदी सरळ. शुक्रवारी मॅडमनाही मी तेच ऐकवलं. त्या माझ्या डाव्या गुडघ्याला टेप बांधायला वाकल्या.

शनिवारी ऊन होतं. बायका एका ओळीत बसल्या होत्या, लाल ब्लाउज, पांढऱ्या टोप्या, आणि मॅच सुरू व्हायच्या आधीपासून गात होत्या. पलीकडच्या टीमचे लोक त्यांचे फोटो काढत होते. पहिला अर्धा मी बाकावर काढला. झिंत्ले दोनदा पाय घसरून दंड घेऊन बसली, आणि कोचनी न बघता माझ्या दिशेने हात केला. मी उतरले. पहिला चेंडू आला, उडाले, पकडला, आले. उजव्यावर. थांबले. बायकांनी जिभा हलवत असा लुलुकार केला की पंचांनी वळून बघितलं. दुसरा. उजव्यावर. तिसरा. मी थांबत होते, सुंदर थांबत होते, आणि डोक्यात एकच चाललं होतं, डावा, डावा, डावा. टेपखाली त्याला घाम येतोय. तो गरम झालाय. आत काहीतरी टुकटुक करतंय, की ती माझी नाडी? तो आत्ता जाईल. या चेंडूला नाही, पुढच्याला. पुढच्याला नाही, त्याच्या पुढच्या. मी त्याच्याकडे असं लक्ष ठेवून होते जसं आपण उकळत्या दुधाकडे ठेवतो. सगळी मॅच माझ्या भोवती लांबून चालल्यासारखी वाटत होती. झिंत्ले बाकावरून ओरडत होती, "आउसी, मस्त! आउसी, मस्त!" आणि मला वाटलं, कदाचित होईल. कदाचित नियम बरोबर असेल आणि मी खोटी.

मग एक चेंडू लांबून, उंच आला, त्यांच्या मुलीसाठी. मी मागून झेपावले, बोटं लागली, चेंडू माझा झाला, आणि अंग हवेतच वळलं. उजवा पाय टेकला. सगळं अंग पुढे चाललं होतं, डाव्याच्या वाट्याचंसुद्धा. कणीस मोडलं. मी लगेच डाव्याकडे बघितलं, कारण वर्षभर, आठवडाभर, त्या क्षणापर्यंत मी तिकडेच बघत होते. डावा सरळ होता. टेप जागच्या जागी होता. मला काही उलगडेना. मग जमीन वर आली.

एल्मारी मॅडम सगळ्यांच्या आधी पोचल्या, पिशवी फेकून, आणि दोन्ही हातांनी डावा गुडघा धरला. ओढला, फिरवला. "पक्की आहे!" त्या ओरडल्या, "दोरी पक्की आहे, सेइपाती, ऐक, काही झालेलं नाही, घाबरू नकोस!" कोचनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि त्या माझ्या केसांत "श्शू, श्शू" करत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, तो नाही." माझा आवाज निघाला की नाही कोण जाणे. कठडा ओलांडून आई आली, टोपी पडलेली, तिच्यामागे बाकीच्या, पंच हात पसरून थांबवतायत आणि त्या ऐकत नाहीत. आई धपकन गुडघ्यांवर बसली, मॅडमचा हात बाजूला केला आणि आपला तळवा डाव्या गुडघ्यावर ठेवला. बायका भोवती उभ्या राहिल्या, कुणीतरी सूर लावला, आणि प्रार्थना सुरू झाली, तोच गुडघा, तेच शब्द, वर्षभर म्हटलेले. कोचनीसुद्धा मान खाली घातली. "मे, तो नाही," मी म्हणत होते. "मे, हा. हा बघ ना गं." उजवा माझ्याखाली कुठेतरी वाकडा पडला होता आणि त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं. आईचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. तिचा हात डाव्या गुडघ्यावर घट्ट होता, आणि तो गुडघा खरंच बरा झाला होता.